धूर मोजणारं गाव

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाचं नाव विचारू नका, माणसांचीही विचारू नका. या गोष्टीतली माणसं त्यांच्या कामावरूनच ओळखायची आहेत.

त्या गावात एक रीत होती. रोज सकाळी पाटील काठी टेकत टेकडी चढायचे आणि वरून घराघरावरचा धूर मोजायचे. गावात घरं एकशे सात. ज्या घरावर सलग तीन दिवस धूर दिसला नाही, त्या घरची चूल थंड आहे असं समजायचं. मग चौथ्या दिवशी त्या घरी मागच्या दाराने शिधा जायचा. पायलीभर ज्वारी, ओंजळभर तांदूळ, गुळाचा खडा. नेणाऱ्याने मान खाली घालायची, उंबरा ओलांडायचा नाही, आणि चुलीकडे तर मुळीच बघायचं नाही. उपाशी घराची थंड चूल बघणं म्हणजे त्या घराला लाजवणं, असं गाव मानायचं.

रीत उगाच पडली नव्हती. कधीकाळच्या दुष्काळात एक घर कुणाला काही न सांगता उपाशी मेलं होतं. दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हाचे पाटील तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि चौथ्या दिवशी पहाटे टेकडी चढायला लागले. अशा मायेतून ही रीत निघाली होती.

पण रीत म्हातारी झाली की तिचं काय होतं, तेही ऐका. शिधा येणं ही लाज आहे, हे लोकांनी हळूहळू ठरवून टाकलं. मग धूर ही इज्जत झाली. ज्याचा धूर जाड, तो घरंदाज. मुलगी बघायला येणारे पाहुणे आधी टेकडीवर थांबून धूर बघायचे आणि मगच खाली उतरायचे. मुलीची आई त्या दिवशी चुलीत ओला पाला कोंबायची. भाकऱ्या चार आणि धूर चाळीस भाकऱ्यांचा! घरोघरी भिंती काळ्या, डोळे लाल आणि खोकला पाचवीला पुजलेला. कुणी खोकलं नाही, तर त्या घरी काही बिनसलंय का, असं विचारायचे.

आणि रान? आज्यांच्या काळी रान गावाच्या कुंपणाला टेकलेलं होतं. आता सकाळी मोळीला गेलेल्या बायका ऊन डोक्यावर आल्यावर परतायच्या. रान का लांब गेलं, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांचं लक्ष वर, धुराकडे.

या गावाच्या चुली घालायचा मान एका कुंभारणीचा होता. तिच्या आधी तो तिच्या सासूचा, आणि सासूच्या आधी सासूच्या सासूचा. पावसाळ्याच्या आधी ती घरोघर जाऊन माती मळायची आणि चूल घालून द्यायची. नवी नवरी त्या चुलीला हळदकुंकू लावल्याशिवाय त्यावर तवा ठेवायची नाही. कुंभारणीला त्या मानाचा अभिमान होता, आणि का नसावा? तिच्या हातची चूल वर्षभर तडकत नसे.

तिचा नवरा मडकी घेऊन बाजारोबाजार हिंडायचा. घरी ती आणि सासू. साठ वर्षं फुंकणी फुंकून सासूचे डोळे गेले होते. कान मात्र शाबूत होते, आणि जीभ कानांहून शाबूत.

एक दिवस चुलीजवळ खोकून खोकून सासू दमली आणि म्हणाली, "सूनबाई, एक विचारू? आपन गावाला चुली देतो का धूर देतो?"

ते बोलणं कुंभारणीच्या काळजात रुतलं. तिच्या हातच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि ठेवलं ते घरच्याच माणसाने, तेही खरं!

दुसऱ्याच दिवशी तिने घरची चूल फोडली आणि नवी घातली. तोंड अरुंद केलं, तर आग गुदमरली. तोंड मोठं केलं, तर सगळी ऊब बाहेर पळाली आणि तवा थंड. तिने तीही फोडली. अशा पाच चुली मोडल्यावर ती वैतागून आव्यापाशी जाऊन बसली. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. बसल्या बसल्या तिला दिसलं की आव्याच्या बुडाशी तिनेच वाऱ्यासाठी भोकं ठेवली आहेत. आव्याला आपण खालून वारा देतो, मग चुलीला का देत नाही? चुलीत लाकूड राखेत लोळत असतं. त्याला खालून श्वास मिळणार कुठून?

तिने मातीची एक जाळी केली, बोट जाईल एवढ्या भोकांची, आणि आव्यात भाजून पक्की केली. नव्या चुलीत ती जाळी उंचावर बसवली. लाकूड जाळीवर, राख खाली, आणि खालच्या बाजूला वाऱ्याला वाट. पेटवली, तर आग अशी भडकली की भाकरी एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्ची.

सासू कान देऊन ऐकत होती. "आगीला तू जेवायला घातलंस सूनबाई," ती म्हणाली, "पर ती अजून तुझं ऐकत न्हाई."

मग कुंभारणीने वाऱ्याच्या वाटेवर एक खापरी बसवली, मागेपुढे सरकणारी. एक बोट उघडली तर आग निवांत. दोन बोटं उघडली तर भाकरीपुरती. पूर्ण मिटली तर निखारे राखेखाली दुपारपर्यंत जागे. चुलीच्या काठावरचे तीन उंचवटे, ज्यांवर भांडं बसतं, ते तिने घासून बुटके केले, म्हणजे ज्वाळा बाजूने पळून जाणार नाही. मातीत भाताचं तूस मिसळलं, म्हणजे ऊब भिंतीत मुरणार नाही. मागच्या बाजूला वैल ठेवला, म्हणजे उरलेल्या आचेवर दुसरं भांडं बसेल. आणि मनगटाएवढी लाकडं फोडून बोटाएवढी केली, उन्हात खडखडीत वाळवली. आत्तापर्यंत अकरा चुली मोडल्या होत्या. गल्लीतली पोरं म्हणायची, कुंभारणीचं डोकं फिरलं.

बाराव्या चुलीपाशी सासू नेहमीच्या जागी येऊन बसली. थोडा वेळ गेला. ती म्हणाली, "अजून पेटवली न्हाईस व्हय?"

कुंभारणीने तिच्या हातावर भाकरी ठेवली. गरम, फुगलेली. सासूने हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला. खोकला येईल म्हणून ती थांबली. आला नाही. ती चुलीच्या आणखी जवळ सरकली, कान लावला.

"घुमतीया," ती हळूच म्हणाली. "बारीक घुमतीया. म्या साठ वरसांत चूल अशी घुमताना ऐकली न्हाई." मग भाकरीचा घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

पण ती भाकरी तिने पार शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, आणि खाता खाता तिचे आंधळे डोळे भरून आले. कुंभारीण त्या दिवशी पाण्याला गेली ती ताठ मानेने. दोन दिवसांत संपणारी मोळी आता सहा दिवस पुरणार होती. धूर म्हणाल, तर पेटवतानाची एक पुसट रेघ, बस्स. आपल्या हाताने आपण काय केलंय, हे तिला कळत होतं, आणि ते कळण्यासारखं दुसरं सुख नाही.

चौथ्या दिवशी मागच्या दाराशी शिधा आला.

पाटील स्वतः आले होते. तीन पिढ्यांचा मान असलेलं घर, म्हणून दुसऱ्या कुणाला पाठवलं नव्हतं. पाटी खाली ठेवून ते जमिनीकडे बघत उभे राहिले.

"पाटील, हे काय?" कुंभारीण म्हणाली. "माझी चूल पेटलेली हाय."

"लाजू नकोस पोरी. दिवस सगळ्यांवर येत्यात."

"आवो, खरंच पेटलीया! आत या, डोळ्यांनी बघा."

पाटलांनी दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. "थंड चूल बघायचं पाप माझ्याकडून करून घेऊ नकोस," ते म्हणाले, आणि डोळ्यांवर हात तसेच ठेवून परत फिरले. जाताना गोठ्याच्या खांबावर आपटले, तरी हात काढले नाहीत. भला माणूस! पण भल्या माणसाने डोळे झाकले, की त्याला समजावणं फार कठीण.

कुंभारणीच्या अंगाची आग झाली. तिने पाटी ओसरीवर नेऊन ठेवली आणि तिच्यातल्या दाण्यालाही हात लावला नाही.

दुपारपर्यंत गावभर झालं. कुंभारणीची चूल थंड पडली. बिचारीने माती खाल्ली म्हणे, चुली मोडता मोडता घर मोडलं. कुणी हळहळलं, कुणी हसलं. आणि मग कुणीतरी ते म्हणालं जे सगळ्यांच्या मनात होतं. जिची स्वतःची चूल पेटत नाही, तिच्या हातची चूल आपल्या घरात कशी घालायची? अपशकुन नाही का? येत्या पौर्णिमेला सकाळी गावसभा होती. पलीकडच्या गावचा एक कुंभार बोलावून मान त्याला द्यायचा, असं ठरत आलं.

कुंभारणीच्या शेजारी एक बाई राहायची. नवरा गेलेला, पदरी तीन मुलं. तिच्या घरचा धूर गल्लीत सगळ्यांत जाड. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती करंजाची ओली फांदी घेऊन आली.

"कशापायी गावाशी वाकडं घेतीस गं?" ती म्हणाली. "उद्या सकाळी एवढी फांदी चुलीत घाल. पाटील टेकडीवरून बघतील, सभेत सांगतील, मान तुझ्याकडंच ऱ्हाईल. धूर काय, काढला की निघतो. मला इचार."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. कुंभारणीने ते पाहिलं, आणि आपल्याच काळजीत विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चूल पेटवली आणि फांदी हातात घेतली. एवढंसं काम होतं. एक फांदी, एक धूर, आणि आईच्या मायेने तीन बायकांनी सांभाळलेला मान घरात राहणार होता. तिने फांदी चुलीत सारली. पानं चरचरली.

तिकडे भिंतीला टेकून बसलेल्या सासूने ती चरचर ऐकली. धूर अजून तिच्यापर्यंत पोचलाही नव्हता, पण साठ वर्षांच्या सवयीने तिचा हात आपोआप वर गेला आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

कुंभारणीने फांदी ओढून बाहेर काढली आणि पाण्यात बुडवली.

"आत्याबाई, मान गेला तर?"

"गेला तर गेला," सासू म्हणाली. "मान गावानं दिला, गाव नेईल. चूल तू केलीस. ती कोन नेनार?"

कुंभारीण उठली, ओसरीवरची शिध्याची पाटी आत आणली आणि जात्यापाशी ठेवली. "आत्याबाई, जरा हात लावा. आज लई भाकऱ्या थापायच्या हायेत."

इकडे गाव पिंपळाखाली जमलं. घरटी एक माणूस. सभेच्या सकाळी घराघरांतल्या चुली विझवून यायची पद्धत होती, कारण मागे एकदा कर्ती माणसं सभेत असताना एक छप्पर पेटलं होतं. पाटील कट्ट्यावर बसले. कुंभारीण आलेली नाही, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना वाईटही वाटलं. ते बोलायला उभे राहिले आणि थांबले.

वास येत होता. ज्वारीच्या गरम भाकरीचा वास. पाठोपाठ गूळ घातलेल्या खिरीचा. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. माना इकडे तिकडे वळू लागल्या.

"कुनाची चूल चालू हाय रं?" पाटलांनी विचारलं.

सगळ्यांनी छपरांकडे पाहिलं. एकशे सात छपरं. एकावरही धूर नव्हता. वास मात्र येतच होता. एका म्हाताऱ्याने घाबरून देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात वळणावरून कुंभारीण आली. डोक्यावर पाटी, कमरेवर मडकं, आणि मागे तिच्या खांद्यावर हात ठेवून सासू. कुंभारणीने पाटी कट्ट्यावर पाटलांसमोर उतरवली आणि वरचं फडकं बाजूला केलं. सत्तावीस भाकऱ्या. वाफ निघत होती.

"हा तुमचाच शिधा, पाटील," ती म्हणाली. "वर दूध तेवढं माझ्या शेळीचं. थंड चूल बघायची न्हाई अशी रीत हाय, ती मी मोडत न्हाई. पर गरम भाकरीला हात लावायची तर बंदी न्हाई ना?"

पाटलांनी भाकरीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. बोट भाजलं होतं.

"आन ही खीर," कुंभारीण म्हणाली. "भाकरी मोठ्या आगीवर, खीर तिच्याच मागच्या वैलावर मंद. चूल एकच, लाकूड एकच. कुठं करपल्याचा वास येतो का बघा. एवढ्याला जळण लागलं ते अर्ध्या मोळीच्याबी आत. तीन पिढ्या तुम्ही आमच्या हातच्या चुली वापरल्यात. आज मी सांगते, त्या चुली चुकल्या व्हत्या. ही चुकलेली न्हाई."

घराला चतकोर भाकरी आणि घोटभर खीर, असं वाटप झालं. एकही भाकरी करपलेली नव्हती, एकही कच्ची नव्हती. बायकांनी भाकरी उलटून पालटून बघितली आणि एकमेकींकडे पाहिलं. बाईला भाकरी कळते. तिथे वाद चालत नाही.

पण तो देवाचं नाव घेतलेला म्हातारा उभा राहिला. "चूल चांगली हाय, कबूल. पर उद्या सगळ्या गावानं अशीच चूल घातली, तर उपाशी घर कळायचं कसं? धूर हाय म्हनून गावात कुनी उपाशी मेलं न्हाई. तो बी घालवायचा?"

प्रश्न खरा होता. कुंभारणीने बारा चुली मोडल्या-घातल्या, पण हा विचार तिने केला नव्हता.

तेव्हा मागून तिची शेजारीण उठली. वाट्याला आलेली चतकोर भाकरी तिने खाल्ली नव्हती. पदराच्या गाठीत बांधली होती.

"पाटील, काल माझ्या घरचा धूर मोजलात?"

"मोजला की. गल्लीत सगळ्यांत जाड."

"काल माझ्या चुलीवर भांडंच न्हवतं," ती म्हणाली. "परवाबी न्हवतं. घरात दाना न्हाई. शिधा आला तर लोक काय म्हनतील, म्हनून मी रोज ओला पाला जाळते आन पोरांना रानातली करवंदं खाऊ घालते. तुम्ही टेकडीवरनं बघता आन म्हनता, हिचं बरं चाललंय."

पाटलांच्या हातातली खीर तशीच राहिली. त्यांनी ती खाली ठेवली, डोक्याचं पागोटं काढलं आणि सगळ्यांदेखत त्या बाईपुढे मान झुकवली.

"पोरी, माझं चुकलं," ते म्हणाले. "टेकडीवरनं धूर दिसतो. मानूस दिसत न्हाई. उद्यापास्नं म्या टेकडी चढनार न्हाई. दारोदार जाईन आन इचारीन."

सभा संपली ती कुंभारणीच्या घरी. गरम चूल बघायला रीत आड येत नव्हती. पाटील वाकून आत गेले आणि चुलीपुढे मांडी घालून बसले. खापरी एक बोट सरकवली, ज्वाळा खाली बसली. दोन बोटं सरकवली, ज्वाळा उठली. पुन्हा एक बोट. पुन्हा दोन. असं त्यांनी इतक्या वेळा केलं की शेवटी सासू कडाडली, "पाटील, खेळनं न्हाई ते!"

मान कुंभारणीकडेच राहिला. तिने पहिली नवी चूल शेजारणीच्या घरी घातली. आणि दुसऱ्या दिवशी तिला म्हणाली, "अजून एकशे पाच घरं हायेत, पावसाळा तोंडावर आलाय. मला माती मळायला हात पायजेत. चुलीमागं जे धान्य मिळंल त्यात अर्धं तुझं." दया नव्हती, काम होतं. शेजारणीने पदर खोचला. पावसाळ्याआधी दोघींनी सगळं गाव पुरं केलं, आणि शेवटी शेवटी शेजारणीची जाळी कुंभारणीच्या जाळीपेक्षा सुबक होऊ लागली. कुंभारीण हे स्वतः सगळ्यांना सांगायची.

पाटील रोज सकाळी पुढच्या दाराने घरोघर जायचे आणि विचारायचे, "भाकरी झाली का?" श्रीमंताला विचारायचे, गरिबालाही विचारायचे, म्हणून कुणालाच लाज वाटायची नाही. ज्याची झाली नसेल तो सांगायचा, आणि शेजारची भाकरी त्याच्या ताटात यायची. रान हळूहळू परत आलं. काही वर्षांनी तर बायकांना हाक मारली की रानातून ओ ऐकू यायची.

पुढे कधीतरी एक वाटसरू टेकडीवर थांबला. खाली एवढं गाव आणि एकाही घरावर धूर नाही! ओसाड असेल, असं समजून तो वळणार, तोच वाऱ्यावर गरम भाकरीचा वास आला. तो खाली उतरला. पहिल्याच घराच्या ओसरीवर एक आंधळी म्हातारी बसली होती. तिने पावलं ऐकली आणि विचारलं, "भाकरी झाली का?"

"आजी, तुमच्या गावात धूर कसा नाही?" वाटसरूने विचारलं.

म्हातारी ताठ बसली. "धूर कशाला पायजे?" ती म्हणाली. "आमच्या सूनबाईनं चूल केलीया."

तेव्हा लहानांनो, आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याच्या कामात कस असतो, त्याला धूर काढून दाखवावा लागत नाही.